ह्यांना विचारा

"तुम्ही मूळच्या अंदमानच्या? मग आजोबा क्रांतिकारक असतील तुमचे!"

असं कुणी म्हटलं, की बाई आधी हातातलं काम संपवत. शेंगा निवडत असतील तर हातातली शेंग मोडून परातीत टाकत, पेपर वाचत असतील तर त्याची नीट घडी घालत. मग मनगटाच्या मागच्या बाजूनं चष्मा वर सरकवत आणि म्हणत, "नाही हो. खुनी होते."

आणि समोरच्याचा चेहरा पडायच्या आत, "चहा घेणार ना?"

कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळात हे उत्तर सगळ्यांना पाठ होतं. बँकेत किंवा रेल्वेत बदली होऊन कुणी नवीन कुटुंब आलं, की जुनी मंडळी त्यांना हळूच बाईंच्या शेजारची खुर्ची द्यायची आणि मजा बघत बसायची. मीही बसलो आहे. तुम्हीही कधी ना कधी अशा एखाद्या माणसाभोवती कोंडाळं करून बसला असाल, त्यामुळे एवढं सांगायला मला संकोच वाटत नाही. संकोच पुढे वाटणार आहे.

बदली होऊन मी कलकत्त्याला आलो तो एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटाला. केंद्र सरकारची नोकरी. बेटांकडे जाणारी प्रवासी जहाजं आणि त्यातून जाणारे हौशी प्रवासी, हे आमच्या खात्याचं काम. हौशी प्रवासी तेव्हा फारसे नव्हतेच. ते वाढवायचे, असं वरून ठरलं होतं. बालीगंजला एका जुन्या घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. खालच्या मजल्यावर बाई. एका मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. यजमान पूर्वी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. तरुणपणी त्यांची नेमणूक पोर्ट ब्लेअरला झाली, तिथं त्यांनी बाईंना पाहिलं आणि घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करून कलकत्त्याला आणलं. मी आलो तेव्हा ते वारून बरीच वर्षं झाली होती.

बाईंचं मराठी ऐकण्यासारखं होतं. निम्मं नवऱ्याकडून शिकलेलं, निम्मं आजोबांकडून आलेलं. आजोबा वाईकडचे. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून चुलत्याशी वाद झाला आणि त्यांनी त्याला कोयता मारला. जन्मठेप झाली, काळं पाणी. शिक्षेतली बरीच वर्षं नीट वागले म्हणून त्यांना तुरुंगाबाहेर राहायची परवानगी मिळाली आणि जवळच्याच एका छोट्या बेटावर जमिनीचा तुकडा मिळाला.

"आणि आजी?" माझ्या बायकोनं विचारलं होतं.

"तीपण खुनी. पहिल्या नवऱ्याला विष घातलेलं तिनं."

"अगंबाई! मग?"

"मग काय, छान जमलं दोघांचं. आजोबा जन्मभर पहिला घास तिला खायला लावायचे आणि मगच जेवायला बसायचे. आम्हाला वाटायचं, काय प्रेम आहे!"

हे सांगून बाई स्वतःच इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

बाई सूड घेत. हे मी त्यांच्या माघारी निंदा म्हणून सांगत नाही. त्यांनाही ते मान्य होतं. गरियाहाटच्या बाजारात एका कोळ्यानं त्यांना एकदा शिळा मासा ताजा म्हणून दिला. बाई ओरडल्या नाहीत की परत करायलाही गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज त्याच्यासमोर उभ्या राहत. त्याच्या टोपलीतला सगळ्यात मोठा मासा उचलत, कल्ले उघडत, वास घेत, काही न बोलता परत ठेवत आणि शेजारच्याकडून विकत घेत. मागे उभी राहिलेली गिऱ्हाइकंही मग शेजारच्याकडे वळत. कोळ्यानं हात जोडले, "दीदी, एबार माफ कोरे दिन." बाई म्हणाल्या, "माफ केलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या आणि मासा उचलला. शेवटी त्यानं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली. बाईंनी फिरायला जायचा रस्ता बदलला.

"माफ केलं म्हणालात ना?" मी विचारलं.

"केलं की. म्हणून सोडायचं का?"

आणि ह्याच बाई, शहरात रोज कुठं ना कुठं बॉम्ब फुटत होते त्या दिवसांत, आमच्या धाकटीला गोवर आला तेव्हा संचारबंदीत मागच्या जिन्यानं पेजेचं पातेलं घेऊन वर येत. मी ऑफिसात अडकलो की माझ्या बायकोसोबत दिवसदिवस बसून राहत. गल्लीच्या तोंडाशी धडाका झाला की म्हणत, "आमच्याकडं इतके खुनी होते, पण कुणी असा आवाज करत नव्हतं."

संध्याकाळी दिवे गेले की आम्ही गच्चीवर बसायचो आणि बाई बेटाबद्दल बोलायच्या. तिथं त्यांचा धाकटा भाऊ राहायचा. आजोबांचंच घर, समोर अर्धगोल किनारा, मागे नारळ, सुपारी आणि गोड्या पाण्याची विहीर. पोर्ट ब्लेअरहून होडी आठवड्याला एखादी, कधी तीही नाही. त्या बेटाचे दोन रिवाज बाई पुन्हा पुन्हा सांगत. एक, होडीतून कुणीही उतरलं तरी आधी त्याला जेवायला वाढायचं, नाव नंतर. आणि दुसरा, कुणालाही 'तू काय केलंस' असं विचारायचं नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे कशासाठी काळ्या पाण्यावर आलास, ते विचारायचं नाही. तिथं प्रत्येकानं काही ना काही केलेलं. कोणत्या गावचा, काय खातोस, गाता येतं का, हे विचारा. ते विचारू नका. मला आजोबांचं कळलं ते आई मरताना. इथं कलकत्त्यात आल्यावर मात्र पहिल्या हळदीकुंकवालाच बाया विचारायला लागल्या."

"मग सांगता कशाला?"

"मी खोटं सांगितलं तर आजोबांनी जे केलं त्याची मला लाज वाटते असं होईल. त्यांची त्यांना वाटली. मला कशाला?"

आणखी एक गोष्ट त्या गच्चीवरच बोलल्या, आणि मी ती नको तितकी लक्षात ठेवली. मी विचारलं होतं, जमीन तुमच्या भावाच्या नावावर आहे का. बाई म्हणाल्या, "नावावर कसली! परवान्यावर दिलेली. सरकार म्हणेल तेव्हा उठायचं. पण म्हणणार कोण? तिथं कुणी येत नाही, हीच आमची मालकी."

आता माझं.

मंडळानं ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत सभासदांची सहल न्यायची. तुरुंग बघायचा, कोठड्यांना नमस्कार करायचा, समुद्रस्नान, परत. माझ्या खात्यालाही ते हवं होतं. मराठी माणसं तुरुंग बघायला येतील, एकानं पाहिलं की दहा येतील, असा आमचा हिशोब. सहलीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी झोकात लिहिलं. निळं पाणी, पांढरी वाळू, हुतात्म्यांची पुण्यभूमी. आणि शेवटी, लोकांनी पटापट नावं द्यावीत म्हणून, 'एका थोर क्रांतिकारकाच्या नातीचं मार्गदर्शन सहलीला लाभणार आहे.'

बाईंना मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, छापून आलं की त्यांनाही बरंच वाटेल. कुणाला नाही वाटणार?

गणेशोत्सवात ते पत्रक व्यासपीठावरून वाचून दाखवलं गेलं. पाहुणे म्हणून माझे वरिष्ठ आले होते, बंगाली गृहस्थ. टाळ्या झाल्या. बाई उभ्या राहिल्या. मनगटानं चष्मा वर केला. आणि पाहुण्यांना कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत बोलल्या, "मेरे दादा तो मामूली खूनी थे. इन साहब ने उनको प्रमोशन दे दिया. आपके दफ्तर में प्रमोशन ऐसे ही मिलता है क्या?"

सगळा हॉल हसला. सगळ्यात जास्त हसले माझे वरिष्ठ. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे कित्येक महिने सकाळी मला बघितलं की विचारायचे, "काय, आज कुणाला बढती दिलीत?" शिपायासमोर विचारायचे, मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांसमोर विचारायचे. त्या वर्षी माझी स्वतःची बढती हुकली. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नसेल. मी मात्र तो लावला.

मी बाईंशी बोलणं सोडलं नाही. गच्चीवर बसत राहिलो, चहा पीत राहिलो. त्यांच्याकडूनच शिकलो होतो, ओरडायचं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात खात्यात विषय निघाला. पोर्ट ब्लेअरजवळच्या एखाद्या बेटावर प्रवाशांसाठी विश्रामगृह बांधायचं होतं. दोन-तीन जागा पाहिल्या होत्या. एका ठिकाणी पाणी नव्हतं, एका ठिकाणी जमिनीचा वाद होता. वरिष्ठांच्या टेबलाभोवती आम्ही चहा पीत होतो. मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "एक किनारा आहे. अर्धगोल, लाटांपासून आडोशाला. गोड्या पाण्याची विहीर आहे. आणि जमीन सरकारचीच, परवान्यावर दिलेली. वाद व्हायचा प्रश्नच नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आहे माहीत."

खोटं कशाला सांगू, मला मजा आली. ट्रामच्या खिडकीशी बसून घरी येताना मी गुणगुणत होतो. दारात बाई तुळशीला पाणी घालत होत्या. "काय साहेब, खुशीत दिसताय! बढती मिळाली वाटतं?" मी म्हटलं, "मिळेल." आणि वर गेलो. जिन्याची ती पायरी मला अजून आठवते. बायकोनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही." ते 'काही नाही' मी पुढे अनेक वर्षं म्हणत राहिलो.

सरकारी कामं रेंगाळतात म्हणतात. हे रेंगाळलं नाही.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात बाईंचा भाऊ जहाजानं कलकत्त्याला आला. बहिणीला भेटायला तो कित्येक वर्षांत आला नव्हता. पोत्यात नारळ, शंखांची माळ, आणि अंगात पितळी बटणांचा खाकी कोट. बाईंनी आम्हा नवरा-बायकोलाही चहाला बोलावलं. आपला भाऊ दाखवायचा होता त्यांना.

भाऊ मराठी बोलत नसे. बेटावरची हिंदुस्थानी बोलायचा. मी आत आलो तसा तो उठला आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला. "साहब, आपने हमारा बहुत भला किया."

मी मागे सरकलो. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात किटली.

"काय भलं केलं?" त्यांनी विचारलं.

भाऊ आनंदानं सांगायला लागला. जागा बघायला जे साहेब आले होते त्यांनीच सांगितलं, की कलकत्त्याच्या ऑफिसातल्या मराठी साहेबांनी ही जागा सुचवली, तुमच्या दीदीच्या घरी वर राहतात ते. आता आजोबांचं घर पाडलं, त्या जागी पक्कं विश्रामगृह झालं. त्याला मागे टेकडीवर पत्र्याची खोली मिळाली आणि खानसाम्याची नोकरी. महिन्याला पगार. सिमेंटचा धक्का झाला. रोज नाही, पण सुट्टीच्या दिवसांत होडी भरून माणसं येतात. शंख विकले जातात, प्रवाळ विकलं जातं. त्याच्या पोरीला रेडिओ घेतला.

"आणि होडीतून उतरलेल्याला जेवायला?" बाई म्हणाल्या.

भाऊ हसला. "अब रेट-बोर्ड लगा है, जीजी."

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो बहिणीला खूश करायला निघाला होता. प्रवासी दादाजींबद्दल विचारतात, म्हणाला. सगळ्यांना एकच विचारायचं असतं, काय केलं, कशासाठी आले? आधी तो गप्प बसायचा. बेटावर असं विचारत नाहीत, हे त्यांना सांगून कळायचं नाही. मग एक दिवस कुणीतरी स्वतःच म्हणालं, "क्रांतिकारी होंगे!" ह्यानं मान हलवली. त्या माणसानं आपल्या मुलांना ह्याच्या पाया पडायला लावलं. आता तर तो गोष्टच सांगतो. उठला, कोटाची बटणं लावली, हात छातीवर ठेवला आणि आम्हाला सांगून दाखवली, "हमारे दादा क्रांतिकारी थे. गोरे साहब पर कोयता चलाया..."

कोयता खरा होता. तेवढाच खरा होता.

मी बाईंकडे बघितलं नाही. नंतर बघितलं. त्यांनी किटली खाली ठेवली. चष्मा वर सरकवला. कपात चहा ओतला आणि मला विचारलं, "साखर किती?"

त्या घरात मी कित्येक वर्षं चहा पीत आलो होतो. माझी साखर किती ते त्यांना माझ्या बायकोइतकंच माहीत होतं. त्या दिवसापासून त्या दर वेळी मला विचारू लागल्या, "साखर किती?"

जिन्यात बायको म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

भाऊ परतीच्या जहाजानं गेला. त्यानंतर मंडळाच्या कोजागिरीला एका बँकेतल्या नव्या अधिकाऱ्याच्या बायकोनं बाईंना नेहमीचा प्रश्न विचारला. सगळे कान देऊन बसले. बाईंनी हातातली दुधाची वाटी खाली ठेवली, चष्मा सरकवला आणि तळहात उघडा करून माझ्याकडे दाखवला.

"ह्यांना विचारा. आमच्या घराण्याचं तेच लिहितात."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "जुनं घराणं आहे. वाईकडचं." बाई हसल्या. "जुनं होय? बरं."

मग ते सुरूच झालं. हळदीकुंकू, बारसं, संक्रांत, गणपती. प्रश्न विचारणारं कुणी ना कुणी असायचंच. नसेल तर बाई स्वतः नवख्या माणसाला सांगायच्या, "मी अंदमानची बरं का," आणि वाट बघायच्या. मग तोच उघडा तळहात, "ह्यांना विचारा."

क्रांतिकारक म्हणावं तर बाई टाळ्या वाजवायच्या. खरंच वाजवायच्या, "वा! कसं छान सांगतात!" काहीच बोललो नाही तर म्हणायच्या, "ते लाजाळू आहेत, लिहून देतील." एकदा मी चिडून स्पष्ट बोललो. एका डॉक्टरांच्या बायकोला सांगितलं, "खुनी होते त्यांचे आजोबा. चुलत्याला मारलं." डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. आणि बाई, ज्यांनी स्वतःच्या तोंडानं हे शेकडो वेळा हसत सांगितलं होतं, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "असू दे हो," म्हणाल्या. "ते असंच बोलतात. मी मनावर घेत नाही." पुढे महिनाभर मंडळातल्या बायका माझ्याशी बोलत नव्हत्या. माझी बायको तर त्यांच्या आघाडीवर होती.

पदराआडून बाईंनी माझ्याकडे बघितलं होतं. डोळे कोरडे ठणठणीत.

गरियाहाटच्या त्या कोळ्याची मला फार आठवण येई. मीही दुसऱ्या टोकाला गेलो असतो. पण बदलीचा हुकूम यायचा होता, आणि तो येत नव्हता.

एकदा दिवे गेले होते, आणि गच्चीवर आम्ही दोघंच होतो. खाली गल्लीत कुणीतरी हार्मोनियम शिकत होतं, तीच ओळ पुन्हा पुन्हा. मी म्हणालो, "बाई, त्या जागेबद्दल बोलायचं आहे. मीच..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "आमच्या बेटावर कुणी कुणाला विचारत नाही, काय केलंस म्हणून. मी विचारलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग सांगता कशाला?"

"मला सांगायचं आहे."

"तुम्हाला हलकं व्हायचंय. ते मी होऊ देणार नाही." हे त्या अगदी शांतपणे, रागाचा लवलेश नसताना म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भाऊ सुखी आहे हो. पगार आहे, रेडिओ आहे. कुणी येत नाही हीच आमची मालकी, हे माझं म्हणणं खोटं पडलं. त्याच्यावर मी रागवू शकत नाही, म्हणून सगळं तुमच्यावर आहे." आणि उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उठल्या, गुडघे दुखायचे त्यांचे. "चहा टाकते. साखर किती?"

पुढे एका उन्हाळ्यात बाई गेल्या. ताप आला, इस्पितळात नेलं, आणि थोड्याच दिवसांत संपलं. शेवटी शेवटी माझी बायको त्यांच्याजवळ होती. मी दाराशी उभा असायचो. एकदा नर्सनं विचारलं, "हे कोण तुमचे?" बाईंचा हात चादरीवर किंचित उलटा झाला, तळवा वर. ओठ हलले. बायकोला वाटलं पाणी हवंय. मला माहीत होतं काय म्हणत होत्या.

भावाला तार केली. जहाज आलं तोवर सगळं उरकून गेलं होतं. मंडळानं शोकसभा ठेवली. भावाला पहिल्या रांगेत बसवलं, अंगावर शाल घातली. तो तोच खाकी कोट घालून आला होता, त्यावर ती शाल. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. बाई गेल्यावर त्यांना मोकळं रान मिळालं होतं. "एका थोर क्रांतिकारकाची नात आपल्यातून गेली. त्या थट्टेनं काहीतरी वेगळंच सांगायच्या, पण तो त्यांचा विनय. आज त्या हुतात्म्याचे नातू इथं आहेत..." भाऊ हात जोडून मान खाली घालून बसला होता. "आणि," अध्यक्ष माझ्याकडे वळले, "ह्या घराण्याबद्दल अधिकारानं बोलू शकतील असे आपल्यात एकच आहेत. बाई नेहमी म्हणायच्या, ह्यांना विचारा."

मी उभा राहिलो. इतकी वर्षं मी ह्याच हॉलमध्ये ह्याच प्रश्नाभोवती पळत होतो. आता पदर डोळ्यांना लावायलाही कुणी नव्हतं.

"त्यांचे आजोबा खुनी होते," मी म्हणालो. "पाण्याच्या पाळीवरून चुलत्याला कोयता मारला. बाईंना त्याची लाज नव्हती. क्रांतिकारक मी केलं त्यांना, त्या पत्रकात. आणि त्यावरून बाई मला हसल्या, म्हणून त्यांच्या भावाच्या घरावर विश्रामगृह मीच आणलं. सूड म्हणून."

मला वाटलं, झालं. बाईंचं देणं फेडलं. छातीत खरंच हलकं वाटलं.

मग मी भावाकडे बघितलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण 'खुनी' कळायला मराठी लागत नाही. त्यानं शाल उतरवली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली. हॉल रिकामा होत असताना तो माझ्याजवळ आला. चिडलेला नव्हता. घाबरलेला होता.

"जीजी ने कहा था ऐसा बोलने को?"

"नाही."

"तो फिर?" तो हळूच म्हणाला, "साहब, वहाँ मत बोलिएगा. वहाँ सब यही सुनने आते हैं. मेरी नौकरी है."

मी त्याला शब्द दिला. तिथं कुणालाही, कधीही सांगणार नाही.

मी बाईंचं ऐकायला हवं होतं. तुम्हाला हलकं व्हायचंय, म्हणाल्या होत्या.

त्याला सोडायला मी खिदिरपूरच्या गोदीवर गेलो. जहाज भरलेलं होतं. मी कलकत्त्याला आलो तेव्हा त्या जहाजातून मजूर, शिपाई आणि बेटावरची माणसं जायची. आता त्यांच्यात टोप्या घातलेली, गळ्यात कॅमेरे अडकवलेली कुटुंबं होती. माझ्याच खात्यानं पाठवलेली. एका कोपऱ्यात मराठी ऐकू येत होतं. कुणीतरी पुण्याचा घोळका होता.

शिडी वर ओढली. भाऊ वरच्या कठड्याशी उभा होता. घोळक्यातल्या एका जाडजूड बाईंनी त्याच्या कोटाकडे बघून काहीतरी विचारलं. त्यानं काहीतरी सांगितलं. मग त्यांनी आणखी काही विचारलं, आणि काय विचारलं असेल ते मला इथून, खाली धक्क्यावरूनही, शब्दन् शब्द माहीत होतं.

भावानं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. खांद्यावरचा पंचा नीट केला. मग तळहात उघडा करून खाली माझ्याकडे दाखवला.

सगळा घोळका कठड्याशी आला. जाडजूड बाईंनी तोंडाशी हात धरले आणि ओरडून विचारलं, "अहो, ह्यांचे आजोबा क्रांतिकारक होते का हो? हे म्हणतात, तुम्हाला विचारा!"

भाऊ माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता. मनगटाच्या मागच्या बाजूनं त्यानं कपाळ पुसलं, हुबेहूब बाईंसारखं.

मी तोंडाशी हात धरले आणि जितक्या मोठ्यानं ओरडता येईल तितक्या मोठ्यानं ओरडलो, "हो! फार मोठे क्रांतिकारक होते!"

ती सगळी माणसं त्याच्या पाया पडायला वाकली.